विहिरीमागची खोली

लोणावळ्याजवळच्या कुसगावात आमचं घर आणि पप्पांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान एकाच छपराखाली होतं. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या दोन खोल्यांत आम्ही तिघं. मधे दार नव्हतं, आईच्या जुन्या साडीचा पडदा होता, आणि त्या पडद्यातून दोन्हीकडचे वास आणि आवाज जात-येत असायचे. पप्पा वायरींना डाग देताना उठणारा राळेचा धूर मागे स्वयंपाकघरात यायचा आणि आईच्या सुक्या बोंबलाच्या कालवणाचा वास पुढे जायचा. रेडिओ दुरुस्तीला घेऊन आलेला माणूस काम झालं तरी कधीकधी बाकावरून उठायचा नाही. मग आई आतून विचारायची, "भाऊ, भाकरी खाता का?" काहीजण खायचे. काहीजण "घरी केलंय वहिनी" म्हणून चपला घालायचे. कोण खाईल आणि कोण उठेल हे आईला आधीच ठाऊक असायचं, तरी ती सगळ्यांना विचारायची. बौद्धांच्या घरात बसून चार घास खाणं तेव्हा गावातल्या काही माणसांना जड जायचं. ते बोलून कुणी दाखवत नसे आणि आमच्याकडेही त्याचा विषय निघत नसे.

पुढे टीव्ही बिघडला की लोक नवाच आणू लागले आणि पप्पांचं काम कमी झालं. माझा मामा मळवलीला एका बंगल्याची देखभाल करायचा. त्या बंगलेवाल्यांनी आपल्या ऑफिसातले जुने कॉम्प्युटर टाकून द्यायला काढले होते. मामानं ते टेम्पोत घालून आमच्या दारात आणून उतरवले. अर्धे मेलेलेच होते. याचा पंखा त्याला, त्याची वायर याला असं करत पप्पांनी त्यातून तीन चालू केले. गावात तोवर कॉम्प्युटर म्हणजे बँकेत काचेपलीकडे ठेवलेली वस्तू. आमच्या दुकानात तो हात लावायला मिळायचा, त्यावर गेम खेळता यायचे, आणि शाळा सुटली की पोरांची दप्तरं बाकाखाली रचलेली असायची. त्या वर्षाचा विचार केला की मला आधी आवाजच आठवतात. कॉम्प्युटरच्या पंख्यांची एकसुरी घरघर, बटणांची खटखट, लाइट गेली की यूपीएसची केविलवाणी पिपाणी, आणि या सगळ्याच्या मागे परातीवर आईच्या भाकरी थापण्याचा आवाज. मी सातवीत होते. पडद्यापाशी बसून अभ्यास करायचा नि एक डोळा पुढे ठेवायचा, अशी माझी सवय झाली होती.

गेमच्या सीडी पप्पा लोणावळ्यातल्या एका दुकानातून आणायचे. चोरून केलेल्या, पांढऱ्या पाकिटातल्या सीडी तेव्हा वाटेल तितक्या मिळायच्या, पण पप्पांना सीलबंद डबीच हवी असायची. कारण त्या डबीच्या कोपऱ्यात काळ्या चौकटीत एक इंग्रजी अक्षर छापलेलं असायचं आणि तो गेम कुणी खेळायचा ते त्याखाली बारीक लिहिलेलं असायचं. सगळ्यांसाठी, जरा मोठ्या मुलांसाठी, फक्त मोठ्या माणसांसाठी. आईनं एकदा डबी हातात घेऊन विचारलं, "हे कोण ठरवतं?"

"तिकडं परदेशात माणसं नेमलेली असत्यात," पप्पा म्हणाले. "गेम आधी ती बघत्यात. मग ठरवत्यात, कुठल्या वयाच्या पोरानं खेळायचा."

"सिनेमाला असतं तसं?"

"तसंच."

आमच्या घरात माझ्या आजोबांच्या आधी कुणी अक्षर गिरवलं नव्हतं. शाळेच्या दाखल्यावर, नोटिसीवर, औषधाच्या बाटलीवर जे छापलेलं असेल ते पप्पा बोट ठेवून शेवटपर्यंत वाचत आणि वाचलं की त्यावर विश्वास ठेवत. छापील अक्षर म्हणजे कुणीतरी आपलं नाव पणाला लावून दिलेला शब्द, असं त्यांना वाटे. बंदुकांचे गेम मागणाऱ्या नववीतल्या पोरांना ते डबी दाखवून परत पाठवायचे. पोरं चिडवायची, पण पप्पा बधत नसत. एक कॉम्प्युटर त्यांनी फक्त लहान पोरांसाठी ठेवला होता आणि त्याच्यावर पुठ्ठा चिकटवला होता. त्यावर माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं, "लहान मुलांसाठी. तपासलेले गेम."

त्या पुठ्ठ्याखाली सगळ्यात जास्त कोण बसत असेल तर सायली. रस्त्यापलीकडच्या घरातली आबांची नात, दुसरीत होती. आबा म्हणजे गावातले मोठे भातशेतीवाले, त्यांच्या शब्दाला वजन होतं. सायलीचे वडील नोकरीसाठी सुरतेला असत, घरात आबा, तिची आई आणि चुलते बाळूकाका. सायलीला कुणी काही शिकवलेलं नसल्यासारखी ती सरळ आमच्या स्वयंपाकघरात यायची, ताटातली भाकरी उचलायची आणि खात खात पुढे जाऊन बसायची. तिच्या आईनं तिला त्याबद्दल कधी टोकलं नाही, आणि माझी आई तिच्यासाठी एक लहान भाकरी वेगळी थापायची.

सायलीचा आवडता गेम कासवाचा होता. गवती टोपी घातलेलं कासव बागेतून हिंडायचं, फळं गोळा करायचं. वाटेत ससा भेटायचा, बदक भेटायचं, खार भेटायची, ती त्याच्याशी गोड आवाजात बोलायची. मागे बासरीसारखं संगीत वाजत राहायचं. डबीवरचं अक्षर सगळ्यांसाठीचं होतं. सुरुवातीला गेम तुमचं नाव विचारायचा आणि सायली एकेक बटण शोधून आपलं नाव लिहायची. इंग्रजीत तिला तेवढा एकच शब्द येत होता. मीच तिला तो शिकवला होता.

तो दिवस शाळेला पावसाची सुट्टी असल्याचा होता. कुरवंड्याच्या घाटाकडून धुकं उतरून रस्त्यावर आलं होतं, समोरचं आबांचं घरही दिसत नव्हतं. पप्पा काहीतरी सुटा भाग आणायला लोणावळ्याला गेले होते. दुकानात सायली आणि मी दोघीच होतो. मी तिच्या शेजारी स्टुलावर बसून लसूण सोलत होते. आईनं तिला मक्याचं कणीस भाजून दिलं, म्हणून तिनं बागेतल्या विहिरीपाशी कासव उभं केलं आणि दोन्ही हातांनी कणीस खायला लागली. बराच वेळ ती खात होती आणि कासव विहिरीत बघत उभं होतं.

मग संगीत थांबलं. आधी मला वाटलं लाइट गेली, पण पंख्याची घरघर चालूच होती. विहिरीमागची भिंत दारासारखी उघडली आणि कासव आपलं आपण आत चालायला लागलं. सायलीचा हात बटणांवर नव्हता. आत अंधारी खोली होती. वर लोखंडी आकडे होते आणि त्या आकड्यांना ससा, बदक, खार उलटी लटकवलेली होती, खाली लाल सांडलेलं होतं. पाठमोऱ्या खुर्चीत एक माणूस बसला होता. तो वळला. बागेतलं सगळं चित्रातलं होतं, याचा चेहरा मात्र खऱ्या माणसाच्या फोटोचा होता, आणि तो हसत होता. त्याच्या मागच्या भिंतीवर लाल अक्षरं उमटायला लागली, कुणीतरी बोटानं लिहावं तशी, एकेक करून. सायली नवं वाचायला शिकलेल्या पोरांसारखी प्रत्येक अक्षर मोठ्यानं वाचायची. "एस," ती म्हणाली. "ए. वाय." आणि मग माझ्याकडे बघून अगदी हळू, "विशूताई, ह्ये माझं नाव हाय."

पुढचे इंग्रजी शब्द तिला येत नव्हते, मला येत होते. आता तुझी पाळी, असं लिहिलं होतं. मी भिंतीवरचं बटण बंद केलं तेव्हा माझ्या हाताला लसणाचा वास येत होता हे मला आजही आठवतं, आणि बाकीचं तुकड्यातुकड्यांनी. सायलीच्या फ्रॉकखाली बाकावर पाणी झालं होतं. ती अनवाणी धुक्यात पळाली आणि लगेच दिसेनाशी झाली.

मी आईला सांगितलं. आईनं पप्पांना सांगितलं. पप्पांनी ओले कपडेही बदलले नाहीत, तो गेम लावून बसले. त्यांनी बाग पालथी घातली, विहिरीला फेऱ्या मारल्या, भिंतीवर टकरा घेतल्या, पण बासरी वाजतच राहिली आणि ससा गोड गोड बोलत राहिला. "विशू, ये, दाखव मला," ते म्हणाले. मी पडद्याच्या अलीकडेच उभी राहिले. शेवटी त्यांनी सीडी काढली आणि कपाटात ठेवून दिली.

पण मला भीती त्या खोलीची जितकी वाटत होती तितकीच दुसऱ्या एका गोष्टीची वाटत होती, आणि ती मी कुणाला सांगू शकत नव्हते. माझ्या वाढदिवसाला पप्पांनी एक गंमत केली होती. तिन्ही कॉम्प्युटर चालू केले की स्क्रीनवर रंगीत अक्षरांत माझं नाव यायचं. ते बघायला अर्धी आळी आली होती, मग पप्पांनी हौसेनं ज्याचं त्याचं नाव आणून दाखवलं होतं, सायलीचंही. कॉम्प्युटरमध्ये नाव घालता येणारा माणूस गावात एकच होता. सायली घाबरून पळाली त्या संध्याकाळी पप्पांनी माझ्या ताटात माशाचा तुकडा वाढला तेव्हा मी त्यांच्या हाताकडे बघत होते. माझ्या डोक्यात काय चाललं होतं ते त्यांना कळलं असतं तर, या विचारानं मला जेवण गेलं नाही. आज मी चाळिशी ओलांडली आहे, बऱ्याच गोष्टींची भीती येऊन गेली आहे. आपल्या माणसाबद्दल मनात आलेल्या शंकेइतकं थंडगार काही मला पुन्हा लागलं नाही.

सायलीला ताप आला. तो उतरला, पण ती बोलेना. त्याहून विचित्र म्हणजे तिला नावानं हाक मारली की ती डोक्यावरून गोधडी ओढून घ्यायची. तिच्या आईनं अंगारा लावला, लोणावळ्याच्या डॉक्टरांकडे नेलं. शेवटी एकदा तिनं चुलत्याला एवढंच सांगितलं की मिलिंदकाकाच्या कॉम्प्युटरमध्ये माझं नाव लिहिलंय, आणि तो माणूस मला मारणार आहे. मिलिंद हे माझ्या पप्पांचं नाव.

ते लोक रविवारी सकाळी आले. आई चुलीपुढे होती, पप्पा एक मॉनिटर उघडून बसले होते. बाळूकाका सगळ्यांत पुढे, त्यांच्यामागे आळीतली सात-आठ माणसं, सायलीची आई पदर तोंडाशी धरून, आणि सगळ्यांत शेवटी काठी टेकत आबा. आत यायला एवढी माणसं मावेनात, म्हणून काही दारात आणि काही पावसात उभी राहिली. नेहमी "मिलिंदभाऊ" म्हणणाऱ्या बाळूकाकांनी त्या दिवशी पप्पांच्या शर्टाची कॉलर धरली.

"काय दाखवतोस रं पोरांना?"

"बाळूभाऊ, आधी हात सोडा," पप्पा म्हणाले. त्यांचा आवाज शांत होता. हातातला पेचकस त्यांनी खाली ठेवला. आता वाटतं, त्यांनी ते मुद्दाम केलं असावं, हातात काही दिसू नये म्हणून.

"आमची पोर वेडी व्हायची येळ आलीय. तुझ्या मशिनीत तिचं नाव लिवलंय."

"त्ये गेममधलं हाय. सीलबंद डबी आणली व्हती मी. डबीवर सगळ्यांसाठी म्हणून—"

"डबीवाल्याला आमच्या सायलीचं नाव कुणी सांगितलं? परदेशातला मानूस वळखतो व्हय तिला?"

मागून कुणीतरी म्हणालं की वाढदिवसाला सगळ्यांची नावं ह्यानंच आणली होती, आपण बघितलंय. दुसरं कुणी म्हणालं, पोलिसांत द्या. तिसरं एक वाक्य आमच्या लोकांबद्दलचं होतं. ते मी इथे लिहीत नाही. ते ऐकून पडद्याआडून आई बाहेर आली, पिठाच्या हातांनी, आणि पप्पांच्या शेजारी उभी राहिली. बाळूकाकांनी दुसऱ्या हातानं तो लहान पोरांचा कॉम्प्युटर उचलायला धरला. वायरी ताणल्या गेल्या. मला कळलं की आता तो आपटतील, आणि तो फुटला की पप्पांनी हे केलं नाही हे कधीच कुणाला दाखवता येणार नाही. मलाही नाही.

"तिनं स्वतः लिवलं व्हतं," मी म्हणाले.

माझा आवाज इतका बारीक आला की मला तो दुसऱ्यांदा काढावा लागला. "नाव. खेळ चालू व्हताना नाव इचारतंय. सायलीनं तिचं लिवलं. मंग तेच तितं आलं."

"तुला काय म्हाईत?" बाळूकाका म्हणाले.

मला माहीत नव्हतं. बाळूकाकांनी "नाव कुणी सांगितलं" म्हटलं त्या क्षणी मला ते सुचलं होतं. खरं असेल की नाही याची मला काही खात्री नव्हती. तरी मी म्हणाले, "मी दाखवते."

"विशू, नगं," पप्पा म्हणाले. त्या दिवसापासून मी पडद्याच्या पुढे आलेली नव्हते हे त्यांना ठाऊक होतं. पण आबांनी काठी जमिनीवर आपटली आणि म्हणाले, "बाळू, ठिव त्ये खाली. पोर दावतीय तर दावू दे."

पप्पांनी कपाटातून सीडी काढून दिली. सगळी माणसं माझ्या पाठीशी गोळा झाली, ओल्या घोंगड्यांचा आणि तंबाखूचा वास माझ्याभोवती दाटला. बासरी सुरू झाली. स्क्रीनवर नाव विचारणारी चौकट आली. मी मागे वळून विचारलं, "आबा, तुमचं नाव लिवू?"

"आबांचं कशाला?" बाळूकाका म्हणाले.

"लिव," आबा म्हणाले.

मी तुकाराम असं लिहिलं. कासव चालायला लागलं. मी फळं घेतली नाहीत, ससा बोलायला आला त्याच्याकडे बघितलं नाही, सरळ विहिरीपाशी नेऊन उभं केलं आणि वाट बघत बसले. काही झालं नाही. बासरी वाजत होती. मागे कुजबूज सुरू झाली. मी कासव थोडं डावीकडे घेतलं, थोडं उजवीकडे. काही नाही. "चाललंय काय ह्ये," कुणीतरी म्हणालं. आणि मग मला दिसलं की कासव स्थिर उभं नाहीये, ते जागच्या जागी हलतंय, कारण बटणांवर ठेवलेली माझी बोटं थरथरत होती. त्या दिवशी सायलीचे दोन्ही हात कणसाला होते, बटणांवर नव्हते. मी हात उचलले आणि मांडीत धरून ठेवले, एकमेकांत गुंतवून, घट्ट.

संगीत थांबलं.

भिंत उघडली, कासव आत गेलं. आकडे दिसले तेव्हा सायलीच्या आईच्या तोंडून "अगं बाई" एवढंच आलं. खुर्चीतला माणूस वळला. मला डोळे मिटायचे होते, पण मिटता येत नव्हते, कारण मला त्या भिंतीवरचं पहिलं अक्षर बघायचं होतं. एस आला असता तर सगळं संपलं होतं. पप्पा संपले होते, आणि गावापेक्षा आधी माझ्यासाठी. लाल रेघ आडवी उमटली. मग तिच्या मधोमध एक उभी रेघ खाली आली. टी. मला रडू फुटलं आणि त्या रडण्यातून मला पुढची अक्षरं दिसली नाहीत.

आबांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. ते म्हणाले, "बाळू, वाच."

बाळूकाकांनी वाचायला वेळ लावला. "तुकाराम," ते म्हणाले. मग थांबले. आबांना नुसत्या नावानं हाक मारणारं गावात कुणी राहिलं नव्हतं, आणि मुलानं तर ते नाव कधीच उच्चारलं नसणार. "तुकाराम, आता तुझी पाळी. आसं लिवलंय आबा."

तरी बाळूकाकांचं समाधान झालं नाही. त्यांनी मला उठवलं, स्वतः बसले, एका बोटानं आपलं नाव लिहिलं, आणि मी शेजारी उभी राहून सांगितलं तसं कासव विहिरीपाशी नेऊन हात मांडीवर ठेवले. भिंतीवर त्यांचं नाव यायला लागलं तसे ते बाक मागे ढकलून उठले आणि कुणाकडे न बघता बाहेर पावसात जाऊन उभे राहिले. त्यांच्यामागून एकेक करत माणसं गेली. ते मघाचं तिसरं वाक्य बोलणारा माणूस सगळ्यांत आधी गेला.

आबा बाकावर बसले. "मिलिंदा, ह्ये तू केलं न्हाईस."

"न्हाई आबा."

"मंग कुनी केलं?"

पप्पांनी डबी आणून त्यांच्या हातात दिली आणि कोपऱ्यातल्या अक्षरावर बोट ठेवून समजावलं की असं असं असतं, तिकडे माणसं नेमलेली असतात, ती आधी बघतात. आबांनी डबी डोळ्यांजवळ नेली. "ह्यांनी ह्ये बघितलं व्हतं?"

"बघितलं असंल म्हणून तर मी आणलं."

"आन तू बघितलंस?"

आईनं आबांसमोर चहाचा कप ठेवला. "न्हाई," पप्पा म्हणाले. "मी डबी बघितली. तपासलेले गेम म्हणून पोरीकडनं लिवून घेतलं, आन तपासला काय न्हाई." मग त्यांनी उठून तो पुठ्ठा ओढून काढला. आबांनी चहा प्यायला. आमच्या घरात त्यांनी काही तोंडाला लावलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

त्यानंतर पप्पा लोणावळ्याच्या त्या दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, माल सीलबंद येतो आणि सीलबंद जातो, आम्ही काय फोडून बघायचं का. मुंबईच्या घाऊक विक्रेत्यानं फोनवर तेच सांगितलं. मग माझ्या शाळेतल्या इंग्रजीच्या बाईंकडून मजकूर लिहून घेऊन, लोणावळ्यातल्या इंटरनेटच्या दुकानातून पप्पांनी गेम बनवणाऱ्या कंपनीला ईमेल केली. बरेच दिवस वाट पाहिल्यावर चार ओळींचं उत्तर आलं. नोकरी सोडून गेलेल्या एका कामगारानं गंमत म्हणून ती खोली आत ठेवली होती, ती गेमचा भाग समजू नये, वयाचं अक्षर देणाऱ्यांना आम्ही गेमचा जो भाग दाखवला त्यात ती नव्हती, आणि साधारणपणे खेळणारं मूल तिथवर पोचत नाही. बाईंनी वाचून दाखवल्यावर पप्पांनी ते शेवटचं वाक्य पुन्हा वाचायला लावलं. "म्हंजी आमची सायली साधारण न्हाई," ते म्हणाले. प्रत्येकजण आपापल्या जागी बरोबर होता आणि तरी रस्त्यापलीकडे एक पोर कितीतरी दिवस गोधडीत तोंड खुपसून पडली होती.

पप्पांनी दुकान बंद केलं नाही, पण पुढे कुठलाही गेम पोरांना देण्याआधी ते स्वतः खेळून बघू लागले. पोरांसारखं बसून खेळणं त्यांना जडच जायचं. प्रत्येक विहिरीपाशी, प्रत्येक भिंतीपाशी ते हात मांडीवर घेऊन वाट बघत बसलेले मला दिसायचे. आई म्हणायची, किती वेळ बसणार. ते म्हणायचे, किती वेळ बसलं म्हणजे सगळं बघून झालं, ते कुणालाच सांगता येत नाही. माझ्या मुलाच्या फोनवर कुठलाही गेम नाव विचारायला लागला की मी अजूनही फोन त्याच्या हातातून घेते आणि कुठलंतरी भलतंच नाव टाकते. तो हसतो. त्याला मी कारण सांगितलेलं नाही. हे वाचलं तर कळेल.

सायलीबद्दल सांगायचं राहिलं. त्या रविवारनंतर लगेचच एका दुपारी आबा आमच्या दारात आले आणि आईला म्हणाले, "विशाखाला जरा धाडता का माझ्यासंगं." मी त्यांच्यामागून रस्ता ओलांडला. पडवीत कॉटवर सायली भिंतीकडे तोंड करून निजली होती. आबा तिच्या पायाशी बसले, मी उभीच राहिले. त्यांनी तिला हाक मारली नाही. स्वतःशीच बोलावं तसं म्हणाले, "माझं बी नाव हाय तितं."

गोधडी हलली. "तुमचं?"

"व्हय. ह्या ताईनं लिवलं. बाळूचं बी हाय."

सायली वळली. तिचे डोळे मोठे झाले होते आणि गाल बसले होते. "मंग?"

"मंग काय. जेवलो, झोपलो, सकाळी उठून धार काढली."

"त्यो मानूस आला न्हाई?"

"न्हाई."

"येनार हाय?"

आबांना न्हाई म्हणता आलं असतं. मी त्याच उत्तराची वाट बघत होते. ते जरा विचार करून म्हणाले, "म्हाईत न्हाई बाय. पन आला तर आदी माझ्याकडं यील. घरात थोरला मी हाय."

मग तिनं मला विचारलं, "ताई, तुझं नाव?"

"न्हाई टाकलं," मी म्हणाले.

"का?"

"भ्या वाटतं."

"मला बी," सायली म्हणाली, आणि कॉटवर थोडी सरकली. मी तिच्याशेजारी बसले. तिचे पाय गार होते, मी ते गोधडीत घेतले. आबा काठीच्या मुठीवर हनुवटी टेकून अंगणातल्या पावसाकडे बघत होते. आतून चुलीवरच्या भाताच्या पेजेचा वास येत होता आणि मग सायलीच्या आईची हाक आली, सवयीनं, विसरून, नावानं.

"सायली, पेज झालीय गं."

आबांनी मान वळवली. मी तिचे पाय धरून बसले. सायलीनं गोधडी बाजूला केली आणि म्हणाली, "आले."